गुरुवारची धुरी

नेमाच्या तेहेतिसाव्या सकाळी सबोहतने नमाजची चटई, जानमाज, गुंडाळून ठेवली, स्वयंपाकघरात लोखंडी कढल्यात दृष्ट काढायच्या इसिरिक या झुडपाच्या वाळक्या काड्या पेटवल्या, ज्योत फुंकून विझवली, धूर नीट धरलाय असं पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत ती बाहेरच्या खोलीत आली. पण दारातच तिचं पाऊल अडलं. टाकीतला पट्ट्यांचा मासा आडवा झाला होता. पाण्याच्या अगदी वरच्या थराला एका कुशीवर पडून तो पंपाच्या बुडबुड्यांबरोबर हलत होता, वाऱ्यावर अडकलेल्या कागदासारखा. तसं पाहिलं तर यात दचकण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकरातले सहा आधीच गेले होते. प्रत्येकाला तिने वर्तमानपत्रात गुंडाळून खाली अंगणातल्या तुतीच्या झाडाशी पुरलं होतं. तिला अडवलं ते माशाने नव्हे. समोर पलंगावर उशांना टेकवून ठेवलेला तिचा नवरा एर्गाश त्या माशाकडे बघत होता, आणि तो आत्ता बघायला लागलेला नव्हता. किती वेळ बघत होता? ती आत नमाजला बसली तेव्हापासून? रात्रभर? मासा अजून जिवंत होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. एर्गाशचा डावा हात रजईवरून उठला, खिडकीकडे, टाकीच्या मागच्या बाजूकडे ताणला गेला, बोटं आकसली, उघडली, आणि घशातून तो नेहमीचा आवाज आला, चाकात काही अडकल्यावर येतो तसा. “आले हो, आले,” सबोहत म्हणाली, “किती घाई ती.” आणि तिने धुराचं कढलं त्याच्या आणखी जवळ नेलं.

पानगळीच्या दिवसांत त्याला झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांपुढून पेन इकडून तिकडे फिरवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “नजर मागोमाग येतेय ना, तोवर माणूस आत आहे समजा. नजर थांबली की मात्र मला कळवा.” हे एक वाक्य सबोहत घरी घेऊन आली होती. पलंग तिने टाकीसमोर लावून घेतला, कारण टीव्हीकडे तो बघत नसे आणि तिच्याकडेही नाही. पण माशांमागे त्याचे डोळे जात. पतंगासारखे चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे चार, लाल अंगाचे आणि शेपटीला तलवार असलेले सहा, आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारा एक म्हातारा मिशाळ. ती सकाळी त्याला मैद्याची पातळ पेज भरवताना चमच्याऐवजी त्याचे डोळे बघायची. डावीकडे गेले, थांबले, उजवीकडे आले. आहेत, आत आहेत. ही टाकी तिने चौतीस वर्षांत कधी मनापासून आपली मानली नव्हती. लग्न होऊन ती ताश्कंदच्या या पाचव्या मजल्यावरच्या घरात आली तेव्हा टाकी आधीपासून इथे होती, थोरल्या सवतीसारखी, खिडकीखालची सगळ्यांत चांगली जागा अडवून. आता ती त्या टाकीपुढे रोज मनात हात जोडल्यासारखी उभी राहायची. एवढं पाणी तेवढं जिवंत राहू दे.

आणि नेम धरल्याच्या पाचव्यासहाव्या दिवशीच मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. नेमाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. नेम त्याच्यासाठी होता. चाळीस दिवस, पहाटेच्या नमाजनंतर, त्याच्या पलंगाभोवती इसिरिकची धुरी, डोक्यावरून तीनदा ओवाळून, आल्यागेल्याची, बघणाऱ्याची, बघून न बोलणाऱ्याची दृष्ट निघून जाऊ दे, आणि मग कुराणातल्या यासीनचा पाठ. एकही दिवस चुकवायचा नाही, खोलीत दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी करायचं. एरवी धुरी गुरुवारी संध्याकाळी असे. तिची आई देत होती, आजी देत होती, न देणारं घर तिने पाहिलं नव्हतं. हिवाळ्यासाठी खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून यंदा तिने त्या अजून काढल्या नव्हत्या. त्यामुळे धूर चांगला टिकायचा, दुपारपर्यंत पडद्यांत, रजईत, तिच्या ओढणीत भरून राहायचा, आणि तिला वाटायचं, घर कसं राखलं जातंय.

पहिले दोन मासे गेले तेव्हा खालच्या मजल्यावरची होसियत-ओपा, सगळ्यांचीच ओपा म्हणजे थोरली बहीण, आली होती, गरम रोट्या फडक्यात बांधून. दारातच जोडे काढता काढता तिने बोलायला सुरुवात केली. “अगं, अजून तेच? मी म्हटलं एव्हाना तरी बोलायला लागले असतील. काय हो एर्गाश-अका, बायकोशी न बोलायला हा बरा बहाणा काढलात!” मग टाकीपाशी जाऊन, “पण मासे कसे देखणे गं! मागे आले होते तेव्हाही मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, सबोहतकडचे मासे म्हणजे मासे. हे वर येऊन काय आ वासतायत?”

“मागे आलात तेव्हा म्हणालात?” सबोहत हळूच म्हणाली.

“म्हणाले की. का?” होसियतच्या लक्षात आलं आणि तिने गालावर बोट टेकवलं. “अगंबाई. माझी लागली म्हणतेस? थू थू थू. घे, थुंकले. पण नुसतं थुंकून काय होतंय, त्यांनाही धुरी दे जरा. तूही वेडीच, माणसाला ओवाळतेस आणि ज्यांच्यावर त्याचा जीव टांगलाय त्यांना कोरडं ठेवतेस!”

त्या दिवसापासून सबोहत कढलं पलंगावरून ओवाळून झालं की टाकीभोवतीही फिरवायला लागली. पुढून, बाजूने, मग वाकून मागे, जिथे खिडकीच्या कठड्यावर हवेचा पंप गुरगुरत पडलेला असे.

मग माशांच्या अंगावर रवा आला. पांढरे बारीक कण, पंखांवर, कल्ल्यांवर, कोणी वरून रवा भुरभुरावा तसे. इथे मासे पाळणारे या रोगाला रवाच म्हणतात, आणि एर्गाश निरोगी असता तर त्याने चष्मा कपाळावर चढवून नुसतं “हं, रवा” म्हटलं असतं आणि पुढचं सगळं मुकाट्याने केलं असतं. तिने पाखरांच्या बाजारात मासे विकणाऱ्या किम-अकांना फोन करून विचारलं. चमचा चमचा मीठ, पाणी गरम, निळं औषध थेंबाथेंबाने, आणि गरम पाण्यात हवा कमी पडते म्हणून पंप पूर्ण सोडायचा. तिने एकूण एक केलं. पंपाची कळ शेवटपर्यंत फिरवली, पाणी खळाखळा उसळायला लागलं, निळ्या पाण्यात मासे सावल्यांसारखे दिसायला लागले आणि आणखी भराभर मरायला लागले. कोरियात, सोलला कामाला गेलेल्या मुलाने फोनवर पाहून सांगितलं, “आई, नवे आणून टाक ना, त्यांना काय कळतंय?” तिने फोन उलटा ठेवला. त्यांना काय कळतंय ते तिला माहीत नव्हतं, पण एकेक मासा गेला की ते डोळे त्या जागी जाऊन थोडे थांबत, आणि मगच पुढच्यावर जात.

या सगळ्यात एकच गोष्ट तिला धीर देत होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. एर्गाशने जन्मात कधी धुरी मानली नव्हती. कारखान्यातला फोरमन, जुन्या सोव्हिएत वळणाचा माणूस; तिच्या नमाजला नको म्हणाला नाही, पण हो तरी कुठे म्हणाला? लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी ती नव्या नवरीच्या लगबगीने कढलं घेऊन आत आली तेव्हा तो म्हणाला होता, “अगं, मला काय कबाब करतेस?” ती हसली नाही, तिचे डोळे भरले. पुन्हा तो कधी काही बोलला नाही. पण पुढच्या गुरुवारपासून ती धूर घेऊन आत आली की तो खुर्चीवरून उठायचा, टाकीपाशी जाऊन वाकायचा आणि टाकीतला दिवा मालवून टाकायचा. मग तिच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून तिथेच उभा राहायचा, धूर विरेपर्यंत. चौतीस वर्षं. तिने ती पाठ पाहिली होती सडपातळ असताना, मग रुंद होताना, मग खांद्यांत वाकताना. अल्लाचं नाव घेत ती खोलीभर फिरायची आणि हा माणूस दिवा विझवून अंधाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा. भांडला असता तर बरं. माहेरी तिने हे कधी सांगितलं नाही; दुआत मात्र न चुकता सांगितलं, की त्याची पाठ वळव. आणि आता, वाचा गेलेला, अर्धा मेलेला तो रोज धूर आत आला की उरलेला एक हात पसरत होता. तो हात पाहिल्यावर पहिल्या दिवशी ती कढलं खाली ठेवून रडली होती. वळवलीस. एवढं सगळं घेतलंस, पण वळवलीस. आणि तो जितका हात ताणी तितका ती धूर जवळ नेई.

तेहेतिसाव्या दिवशी पट्ट्यांचा मासा दहा वाजेपर्यंत मेला. सबोहतने होसियतला पलंगापाशी बसवलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतलं पाणी घेतलं आणि बसने पाखरांच्या बाजारात गेली. किम-अका म्हातारे कोरियन, दोन पिढ्यांपासून इथलेच, कानटोपी घालून पिंपांच्या मागे बसलेले. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली, झाकण काढून हुंगली, पुन्हा हुंगली.

“घरात सिगारेट कोण ओढतं?”

“कोणी नाही.”

“मग कोळसा? शेगडी?”

“पाचव्या मजल्यावर शेगडी कुठली, किम-अका!”

किम-अकांनी मान वर करून तिच्याकडे, तिच्या ओढणीकडे बघितलं. “ओपा, राग नका मानू. तुमच्या ओढणीला जो वास आहे तोच पाण्याला आहे. इसिरिक देताय?”

“नेम आहे. यांच्यासाठी. चाळीस दिवसांचा.”

“रोज? त्याच खोलीत? आणि पंप?”

“पंप पूर्ण सोडलाय. तुम्हीच तर सांगितलंत.”

“सांगितलं खरं.” म्हाताऱ्याने बरणी खाली ठेवली आणि झाकण फार सावकाश लावलं. “ओपा, पंप हवा कुठून घेतो? खोलीतलीच ना. तुम्ही खोलीत धूर करता आणि तो ओढून ओढून पाण्यात सोडतो. रवा नंतर आला. आधी ते गुदमरले. मी विचारलंच नाही तुम्हाला, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. एर्गाश-अका बंद करायचे की.”

“काय बंद करायचे?”

“पंप. गुरुवारी. फार वर्षं झाली त्याला, इथेच उभे राहून विचारलं होतं त्यांनी, घरात धुरी असते, तेवढा वेळ पंप बंद ठेवला तर मासे राहतील का. मी म्हटलं अर्धा तास राहतील. नाहीतर नळी लांब करून पंप बाहेर सज्जात ठेवा, किंवा बायकोला सांगा, दुसऱ्या खोलीत कर म्हणून. तर म्हणाले, तिला कशाला सांगायचं.” किम-अका ओशाळं हसले. “तुमच्याकडे पंप आणि दिवा एकाच बटणावर आहेत ना? अंधार होतो म्हणायचे.”

सबोहत तिथेच उभी राहिली. शेजारच्या पिंजऱ्यांत लावे ओरडत होते. किम-अका सांगत होते, रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, औषध थांबवा, खिडकी उघडा, राहिले तर राहतील. आणि ती मान हलवत होती, जशी लोक अंत्ययात्रेत हलवतात, काही ऐकू येत नसताना.

बसमध्ये तिने बरणी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. तिला कशाला सांगायचं. या तीन शब्दांना तिने किती बाजूंनी उलटवलं. सांगितलं तर ती धुरी सोडून देईल, तिचं मन मोडेल, म्हणून कशाला सांगायचं? की तिला काय कळणार, तिच्याशी बोलून उपयोग काय, म्हणून कशाला सांगायचं? तो हे म्हणाला तेव्हा हसत होता का? किम-अकांना विचारायला हवं होतं. पण तीसपस्तीस वर्षांपूर्वी कोणी काय चेहऱ्याने बोललं ते कोण सांगणार. आणि तो हात. बस रुळांवरून धडधडत गेली तेव्हा तो हात तिच्यासमोर आला, ताणलेला, बोटं उघडणारा, मिटणारा. तो तिच्याकडे नव्हताच. कढल्याकडे नव्हता, अल्लाकडे नव्हता. बटणाकडे होता. तेहेतीस सकाळी तो तिला एवढंच सांगत होता, बटण. आणि ती म्हणत होती, आले हो आले. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, अल्लाचं नाव घेऊन घेऊन, एकेकाचा श्वास कोंडत होती. त्याला ते दिसत होतं. दर पहाटे तिची चाहूल लागली की त्याला कळत असेल, आली. हे मनात येताच तिने बरणी इतकी घट्ट धरली की समोरच्या बाईने विचारलं, “खाला, बरं वाटत नाही का?”

“पाणी सांडेल,” सबोहत म्हणाली.

घरी होसियत डुलक्या घेत होती. सबोहतने टाकीमागे वाकून पंपाची कळ कमी केली, चिकटवलेल्या पट्ट्या नखांनी फाडल्या, खिडकी सताड उघडली. “अगं वारा लागेल त्यांना!” होसियत ओरडली. “लागू दे,” सबोहत म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून होसियत जोडे हातात घेऊनच निघून गेली. मग सबोहत पलंगाशी बसली. “अहो,” ती म्हणाली, “मला ठाऊक नव्हतं.” तो टाकीकडे बघत होता. “तुम्ही एकदा सांगायचंत. एकदा. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?” शेवटच्या शब्दावर आवाज चढला आणि तिची तिलाच लाज वाटली. त्याचे डोळे एका लाल माशामागे डावीकडे गेले, तिच्या चेहऱ्यावरून ओलांडून, मध्ये न थांबता.

नेम सोडवत नव्हता. त्याचा जीव मागून धरलेला नेम. सात दिवसांसाठी मोडला आणि काही झालं तर ते कोणाच्या माथी? पुढच्या सहा पहाटे ती धुरी बाहेर जिन्यात देत राहिली, बंद दाराकडे तोंड करून, दाराला ओवाळत. असा अर्धामुर्धा नेम वर पोचतो का हे विचारायला ती कोणाकडे गेली नाही. दिवसभर बादल्या वाहिल्या. उन्हात ठेवून क्लोरिन उडवलेलं पाणी, तिसरा हिस्सा, रोज. निळेपणा उतरत गेला आणि टाकी पुन्हा स्वच्छ झाली, इतकी की उरलेले चार मासे त्यात फार थोडे वाटायला लागले. पस्तिसाव्या दिवशी दोन लाल एकदमच गेले. सदतिसाव्या दिवशी तिसरा. एर्गाशचा हात आता शांत पडलेला असे. त्याला कळलं असेल का की धूर आत येत नाही? की हात थकला? तळाशी एकटा म्हातारा मिशाळ वाळू हुंगत फिरत होता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि एर्गाशचे डोळे त्याच्यामागे. ती पेज भरवताना मोजत बसायची, गेले, आले, गेले. एवढ्याशा जिवावर आपण सगळं घर टेकवलंय असं तिला वाटे, आणि ती त्या माशासाठीही यासीन म्हणायची. असं करू नये हे ठाऊक असून म्हणायची. एकोणचाळिसाव्या दुपारी मिशाळ दगडाला टेकून थांबला. ती संध्याकाळपर्यंत थांबला आहे असंच म्हणत राहिली.

चाळिसाव्या पहाटे तिने त्याला तुतीखाली ठेवलं, वर आली, हात धुतले, नमाज पढली आणि कढलं पेटवून सरळ आत आली. आता जिन्यात जायचं कारण उरलं नव्हतं. टाकीत दिवा जळत होता, रिकाम्या पाण्यात पंप गुरगुरत होता, आणि एर्गाश उशीला टेकून पाण्याकडे बघत होता. नेम पुरा करायचा, तीनदा ओवाळायचं. पण पाय पलंगाकडे वळेनात. हातात धूर, आणि तो पंप ओढतोय, ओढतोय, कोणासाठी नाही तरी ओढतोय. ते तिला सोसेना. ती टाकीपाशी गेली, त्याच्याकडे पाठ करून वाकली, आणि बटण बंद केलं.

गुरगुर थांबली. दिवा गेला. आणि काळ्या झालेल्या काचेत तिच्यासमोर सगळी खोली उभी राहिली. पलंग, गालिचा, स्वयंपाकघराचं उजेडाने भरलेलं दार, त्यातून बाहेर येणारी वाट; तिथून कोणी कढलं घेऊन आत आलं, खोलीभर फिरलं, कोपऱ्याकोपऱ्यात थांबून वर हात केला, तर इथे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसलं असतं. तरुण बाई, मग जाड झालेली, मग पिकलेली. पाण्यातून चालत गेल्यासारखी. त्याला दिसत होतं. तो बघत होता की नुसता वेळ काढत होता, माशांचा अर्धा तास मोजत होता, ते काच सांगत नव्हती.

काचेतच, तिच्या खांद्याच्या मागे, त्याचा चेहरा होता. डोळे उघडे. सबोहतने कढलं उचललं आणि हळूहळू, डॉक्टरीणबाईंनी पेन फिरवलं होतं तसं, डावीकडून उजवीकडे नेलं. धुराची रेघ काचेतून पार गेली. तिने पुन्हा उजवीकडून डावीकडे आणलं. “अहो,” ती काचेला म्हणाली. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा निखारे एकमेकांवर घसरले.

डोळे जिथे होते तिथेच होते.

ती वळली नाही. हात मागे बांधता येत नव्हते, कढलं होतं. तशीच ती अंधाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, धूर विरेपर्यंत.